65 मिलिमीटरची अतिवृष्टी आणि कोकण

चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी. कोकणात आषाढात असे दिवस कितीतरी येतात. पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, भरून वाहतात, लावणी चालूच राहते. मराठवाड्यात तेवढ्याच पावसाने उभं पीक जातं.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 मधली आपत्तीची व्याख्या मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. तिच्यात मिलिमीटर नाहीत. जीवित, मालमत्ता किंवा पर्यावरणाची मोठी हानी व्हावी आणि ती पेलणं तिथल्या लोकांच्या आवाक्याबाहेर असावं, तर ती आपत्ती. शास्त्रज्ञही धोका आणि आपत्ती यांत हाच फरक करतात: नुसता जोराचा पाऊस हा धोका, तो लोकांना पेलेनासा झाला की आपत्ती.

चक्रीवादळाची चाहूल हवामान खातं 72 तास आधीपासून देऊ लागतं. पण त्यावर हुकूम काढायचा तो जिल्हाधिकाऱ्यांनी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ते अध्यक्ष, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कलम 34 नुसार संकट नुसतं समोर दिसत असतानाही रस्ते बंद करता येतात, ये-जा रोखता येते, निवारा उघडता येतो. कलम 65 खाली बचावासाठी वाहनं आणि जागा ताब्यात घेता येतात; त्याचा मोबदला मालकाला द्यावा लागतो. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, त्याआधी किनाऱ्यावरच्या कच्च्या घरांतली माणसं हलवलेली होती.

दरड मात्र असा अवधी देत नाही. झिजलेल्या कातळावरच्या मातीत पाणी मुरत जातं, कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि उतार काही क्षणांत खाली येतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेत 80 हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं होतं. अशा वेळी मदत पथकांनाही रस्ता मिळत नाही.

त्यामुळे दरडीपुरतं बोलायचं तर या कायद्याचं खरं बळ कलम 31 मध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात धोक्याची ठिकाणं नोंदवायची आणि तो दरवर्षी तपासून सुधारायचा, हे त्यात बंधनकारक आहे. डोंगराला नवी भेग पडली, वरच्या अंगाला रस्त्यासाठी उतार तोडला, विहिरीचं पाणी अचानक गढूळ झालं, हे आधी वाडीतल्या माणसालाच दिसतं. त्याने ते तलाठी, पोलीस पाटील किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवावं. आणि आपली वाडी आराखड्यात आहे का, हे पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत विचारावं.