नायजेरियातील खनिज तेल आणि शेतमालाची निर्यात

नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याची निर्यात मुख्यतः शेतमालाचीच होती: नैर्ऋत्येचा कोको, पूर्वेचे पामतेल, उत्तरेचा भुईमूग आणि कापूस. कानो शहरात तर शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड उभे राहत. ओलोइबिरी येथे १९५६ मध्ये खनिज तेल सापडले आणि १९५८ पासून ते परदेशी जाऊ लागले. पण सगळे पारडे फिरले ते १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाल्यावर. लवकरच निर्यातीतून मिळणाऱ्या उत्पन्नात तेलाचा वाटा ९० टक्क्यांवर गेला.

तेलाच्या डॉलरमुळे नायरा हे चलन महाग राहिले. साहजिकच कोकोच्या एका टनामागे देशी चलनात हाती पडणारी रक्कम घटली. उलट परदेशी तांदूळ आणि गहू स्वस्त झाला. शहरांत बांधकामे निघाली, सरकारी पगार वाढले आणि गावांतली तरुण माणसे तिकडे गेली. म्हाताऱ्या झालेल्या कोकोच्या झाडांच्या जागी नवी लावायला माणूसच उरला नाही. अर्थशास्त्रज्ञ याला ‘डच डिसीज’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर तिथल्या कारखानदारीला उतरती कळा लागली, त्यावरून १९७७ मध्ये हे नाव पडले.

मात्र सगळा दोष तेलाच्या माथी मारणे बरोबर नाही. पूर्वेकडचे पामतेल १९६७-७० च्या यादवी युद्धाच्या तडाख्यात सापडले. उत्तरेचा भुईमूग १९७० च्या दशकातल्या दुष्काळाने आणि रोगाने गेला. शिवाय सरकारी खरेदी मंडळे ब्रिटिश काळापासूनच जागतिक भावापेक्षा कमी दर देऊन फरक स्वतःकडे ठेवत आली होती. अशा दरात शेती सोडणाऱ्या शेतकऱ्याला आळशी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. इंडोनेशियाकडेही तेल होते. पण त्याने १९७८ मध्ये रुपियाचे अवमूल्यन केले, खते आणि पाटबंधाऱ्यांवर पैसा घातला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास तो तांदळात स्वयंपूर्ण झाला.

नायजेरियाने ‘ऑपरेशन फीड द नेशन’ (१९७६) सारख्या मोहिमा काढल्या, पण नायरा तसाच महाग ठेवला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले, नायराचे मोठे अवमूल्यन झाले आणि खरेदी मंडळेही मोडीत निघाली. कोको पिकवणाऱ्यांच्या हाती पडणारा भाव लगेच वाढला आणि ते पुन्हा बागांकडे वळले. कानोचे पिरॅमिड मात्र परतले नाहीत.