स्प्रेडशीटमधील दृश्य ओळी व स्तंभ मर्यादित करणे

स्प्रेडशीटच्या पत्रकावरील बिनवापराच्या ओळी व स्तंभ दृष्टीआड करून कामापुरताच भाग समोर ठेवण्याची पद्धत. १९७९ साली आलेल्या व्हिजिकॅल्क या सुरुवातीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये २५४ ओळी आणि ६३ स्तंभ होते. एक्सेलच्या ९७ ते २००३ या आवृत्त्यांत ते अनुक्रमे ६५,५३६ व २५६ झाले, आणि २००७ पासून १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ स्तंभ मिळू लागले. या विस्तारामुळे छोट्या तक्त्याभोवती रिकामी जागा फार उरते व वापरणारा तीत भरकटतो.

एक्सेलमध्ये ओळी पुसून टाकल्या तरी पत्रकाचा आकार घटत नाही, कारण तळाशी तितक्याच नव्या ओळी येतात; त्यामुळे त्या लपवाव्याच लागतात. गूगल शीट्समध्ये मात्र नको असलेल्या ओळी खरोखरच काढून टाकता येतात. लपवण्यासाठी पहिली बिनवापराची ओळ निवडून कंट्रोल, शिफ्ट व खालचा बाण यांनी निवड शेवटपर्यंत न्यावी आणि ‘हाइड’ आज्ञा द्यावी. स्तंभांसाठी उजवा बाण वापरावा.

दुसरा मार्ग एक्सेल पत्रकाच्या ‘स्क्रोलएरिया’ या गुणधर्माचा, म्हणजे वापरता येणारे क्षेत्र ठरवणाऱ्या सेटिंगचा. त्यात ठरवलेल्या क्षेत्राबाहेरचे सेल (चौकटी) खिडकीत दिसू शकतात, पण निवडता येत नाहीत. हे क्षेत्र सलग असावे लागते. शिवाय ही मर्यादा फाइलबरोबर जतन होत नाही. फाइल उघडताच ती पुन्हा घालणारा मॅक्रो (फाइलमध्ये ठेवलेला छोटा प्रोग्रॅम) लिहावा लागतो, आणि मॅक्रो बंद असलेल्या संगणकावर तो निष्फळ ठरतो. म्हणून इतरांकडे पाठवायच्या फाइलसाठी लपवण्याचा मार्गच अधिक भरवशाचा मानणे योग्य.

लपवलेली माहिती गणितातून मात्र वगळली जात नाही. ‘सम’ हे बेरजेचे सूत्र तिची बेरीज घेतेच. ‘सबटोटल’ या सूत्रात कोणती क्रिया करायची ते क्रमांकाने सांगतात; बेरजेसाठीचा ९ हा क्रमांक हाताने लपवलेल्या ओळी धरतो, तर बेरजेसाठीचाच १०९ त्या सोडतो. लपवलेल्या स्तंभांना हा भेद लागू नाही, ही बाब सहज निसटते.

गोपनीयतेसाठीही हा उपाय अपुरा आहे. २००८ साली बार्कलेज या बँकेने दिवाळखोर लेहमन ब्रदर्स बँकेची मालमत्ता घेताना एक्सेलमधील यादीचे पीडीएफ करण्यात आले, तेव्हा लपवलेल्या ओळी उघड झाल्या आणि खरेदीतून वगळायचे १७९ करार यादीत समाविष्ट झाले.