टॉर्चवरची गोटी आणि ३३, ९०, १०४ हे आकडे

काचेची शोभेची गोटी टॉर्चवर, म्हणजे टेबलावरच्या गॅसच्या प्रखर ज्योतीवर, करायला शिकायचे ठरले की सगळ्यात आधी काच निवडावी लागते: मऊ (कमी उष्णतेत वितळणारी) सोडा-लाइम की कठीण (जास्त उष्णता लागणारी) बोरोसिलिकेट. टॉर्च किती ताकदीचा हवा, ऑक्सिजन किती लागेल, तयार गोटी हळू थंड करायची भट्टी किती अंशांवर लावायची, हे सगळे त्यानंतर ठरते. गोट्यांच्या बाबतीत आज बहुतेक जण नवशिक्याला बोरोसिलिकेट सुचवतात. हा कल काचेच्या गुणांमुळे जितका आला तितकाच बाजारामुळे आला, आणि तो फार जुना नाही.

गोटीचा जुना इतिहास मुख्यतः काच वितळवणाऱ्या भट्टीचा आहे. जर्मनीत, थुरिंगियाच्या डोंगराळ भागातल्या लाउशा गावी १८४० च्या दशकात कात्रीसारखे एक हत्यार निघाले. त्याच्या एका पात्याला वाटी होती. रंगीत पट्ट्यांची तापलेली कांडी वाटीत दाबून फिरवली की गोळा होई आणि तिथेच कापला जाई. त्या काळच्या गोटीवर कापल्याच्या खुणा दिसतात त्या यामुळे. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ॲक्रनच्या एका कारागिराला काचेचे गोळे वळणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. १९१४ नंतर युद्धामुळे जर्मन माल थांबला आणि पुढच्या काही वर्षांत गोटी ही यंत्रातून पडणारी वस्तू झाली.

हातची गोटी परत आली ती १९६० नंतर. १९६२ साली ओहायोतल्याच टोलिडोच्या कलासंग्रहालयात झालेल्या दोन कार्यशाळांनी दाखवून दिले की काच वितळवायला कारखाना लागत नाही, एकट्या कलावंताच्या छोट्या भट्टीतही ते जमते. त्या प्रवाहातून काही जण गोट्यांकडे वळले. पण भट्टी दिवसरात्र पेटती ठेवावी लागते आणि ते थोड्यांनाच परवडत होते. टॉर्च टेबलावर मावतो आणि कामापुरताच पेटतो.

टॉर्चवर मात्र तेव्हा दोन वेगळे संसार होते. एकीकडे इटलीतल्या व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाच्या मऊ कांड्यांवर मणी करणारे, दुसरीकडे प्रयोगशाळांसाठी नळ्या आणि चंचुपात्रे जोडणारे बोरोसिलिकेटवाले. बोरोसिलिकेट काच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना इथे तयार झाली आणि १९१५ पासून अमेरिकी स्वयंपाकघरांत पोचली, पण तिच्यात रंग जवळजवळ नव्हते. १९८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये रंगीत बोरोसिलिकेट कांड्या विक्रीला आल्या आणि चित्र पालटले. त्याच दशकात, संगीताच्या जलशांमागे गावोगाव फिरून गांजा ओढायचे काचेचे पाइप विकणाऱ्या एका काचकाराने ज्योतीत चांदीची वाफ करून ती काचेवर बसवण्याची रीत रूढ केली. चांदीने निळी-पिवळी झाक येते, सोन्याने गुलाबी, आणि मागे काळी काच असली की ती उठून दिसते.

आजच्या गोटीतले धुरकट भोवरे आणि चंदेरी गाभे थेट या पाइपच्या धंद्यातून आले आहेत. कलेचा इतिहास सांगताना हा धागा अनेकदा गाळला जातो, आणि ते अन्यायाचे आहे. रंगीत बोरोसिलिकेटला गिऱ्हाईक मिळाले आणि टॉर्चवर बसलेल्या हातांची पिढी तयार झाली ती याच धंद्यामुळे. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी पाइप विकणाऱ्यांवर देशभर छापे घातले. त्यानंतर काही कारागिरांनी ज्या वस्तूंवर कायद्याचा आक्षेप नव्हता त्यांच्याकडे, म्हणजे गोट्या आणि पेंडंटकडे, मोर्चा वळवला. सोबत त्यांची काचही आली.

नवशिक्याला सुरुवातीला दाखवतात ते इम्प्लोजनही याच काचेवर रुळले. पारदर्शक कांडीचे टोक चपटे करून त्यावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि तापवत राहायचे. पृष्ठताणाने काच गोलावते, ठिपके आत ओढले जाऊन पाकळ्यांसारखे लांबतात, आणि पारदर्शक बाजूने पाहिले की गोटीच भिंग होऊन फूल मोठे दाखवते.

आता कांड्यांच्या गठ्ठ्यावरचा आकडा. ३३, ९०, ९६, १०४ हे प्रसरणांक आहेत, बोलण्यात सीओई. १०४ म्हणजे एक मीटर लांब कांडी एक अंश सेल्सिअसने तापली की साधारण ०.०१०४ मिलिमीटरने वाढते. बोरोसिलिकेटसाठी हाच आकडा ०.००३३. तिपटीचा फरक आहे. म्हणून बोरोसिलिकेटची कांडी थोडी घाईने ज्योतीत नेली तरी सहसा टिकते, मऊ कांडीच्या मात्र कपच्या उडतात. ३३ आणि १०४ एका गोटीत नांदणार नाहीत, इथवर वाद नाही.

वाद उलट्या विधानाचा आहे: आकडा सारखा, म्हणजे काचा एकमेकींना चालतात. हे खरे नाही, आणि तरीही शिकणाऱ्याला सर्वात आधी हेच सांगितले जाते. प्रसरणांक मोजतात तो साधारणपणे खोलीच्या तापमानापासून ३०० अंशांपर्यंत. दोन काचांमधला ताण मात्र त्याच्या बराच वर, काच प्रवाही असायची थांबून कडक होते तिथून साठायला लागतो. प्रत्येक काच वेगळ्या तापमानाला कडक होते. एक आधी आखडली आणि दुसरी अजून सैल असली, तर खालच्या टप्प्यात दोघी सारख्याच आकसूनही ताण उरतो. म्हणजे प्रसरणाइतकीच काचेची घट्टाई, तिची व्हिस्कॉसिटी, महत्त्वाची. जाणते उत्पादक वेगवेगळ्या रंगांचे प्रसरणांक मुद्दाम थोडे कमी-जास्त ठेवतात, कारण एका गुणातली तफावत दुसऱ्याने भरून काढायची असते. अशा संचावर छापलेला ९० हा त्यातल्या पारदर्शक काचेचा आकडा असतो, सगळ्या रंगांचा नव्हे.

हा गोंधळ दुकानांतून आला. काचेचे तुकडे एकत्र वितळवण्यासाठी तक्ते करणाऱ्या एका अमेरिकी कारखान्याने आपले रंग पारदर्शक पट्टीवर वितळवून ध्रुवणकारी काचांमधून (प्रकाशाची कंपने एकाच दिशेत जाऊ देणाऱ्या) तपासायला सुरुवात केली. ताण असला तर रंगाच्या तुकड्याभोवती उजळ कडा दिसते. ‘तपासलेली’ हा त्या मालाचा खरा गुण होता. विक्रीत त्याचे संक्षिप्त रूप ‘९०’ झाले, मग इतरांनी तोच आकडा आपल्या मालावर छापला. आकडा म्हणजे सुसंगती नव्हे, असे त्या कारखान्याने पुढे जाहीरपणे सांगितले. तोवर आकड्यानेच काच मागायची सवय लागून गेली होती.

मण्यात ही चूक बऱ्याचदा खपून जाते, कारण रंगाचा थर पातळ असतो. गोटी मात्र भरीव गोळा आहे. रंगाच्या गाभ्याभोवती पारदर्शक काचेचे जाड कवच असते, आणि बेमेळ गाभा ते कवच ताणत राहतो. गोटी भट्टीतून नितळ बाहेर येते आणि काही आठवड्यांनी फडताळात ठेवलेली असतानाच तडकते. नवशिका मग आपल्या हाताला किंवा भट्टीला दोष देतो. बोरोसिलिकेटमध्येही हे घडते: ३३ च्या घरातले सगळेच रंग जाड कवचाखाली टिकत नाहीत. काही उत्पादक म्हणून रंगासोबत सूचना देतात की हा जाडसर झाकू नका, या रंगाला ऑक्सिजन जास्त असलेली ज्योत द्या.

भट्टीचा दोष असतोही. बोरोसिलिकेट साधारण ५६५ अंशांवर आणि मुरानोची मऊ काच ५१० च्या आसपास धरून ठेवतात, मग हळू उतरवतात. जाडी दुप्पट झाली की उतरवण्याचा वेळ ढोबळमानाने चौपट लागतो. २५ मिलिमीटरच्या गोटीचे वेळापत्रक ५० मिलिमीटरच्या गोटीला लावून चालत नाही. पण नीट उतरवलेली गोटीही तडकली, तर तपासायच्या त्या काचा. संशयित रंगाचा तुकडा कवचाच्या पारदर्शक काचेत बसवून भट्टीत नीट थंड करायचा आणि दोन ध्रुवणकारी काचांमधून पाहायचा. याला खर्च थोडा येतो, आणि शिकवणीच्या पहिल्याच दिवशी ही चाचणी दाखवता येते.