तृतीय पक्ष कुकी: १९९७ साली बंद व्हायची राहिलेली वाट

१९९४ साली नेटस्केप ही ब्राउझर बनवणारी कॅलिफोर्नियातली नवी कंपनी एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन दुकान उभारत होती. गिऱ्हाइकाची अर्धवट राहिलेली खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवायला एमसीआयची तयारी नव्हती. अडचण अशी, की वेब ज्या एचटीटीपीवर चालतं त्याला मागचं काही आठवत नाही. पान मागितलं, पान मिळालं, व्यवहार संपला. पुढचं पान मागणारा तोच माणूस आहे हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही, त्यामुळे निवडलेली वस्तू पुढच्या पानावर गायब.

नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली आणि जॉन जियानांड्रिया यांच्यासोबत तिचा पहिला आराखडा लिहिला. सर्व्हरने पानासोबत एक छोटी चिठ्ठी, म्हणजेच कुकी, पाठवायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्याच साइटवर पुन्हा जाताना दाखवायची. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळतो तसा हा बिल्ला आहे: त्यावर नुसता आकडा असतो, पण कुठला जोड कुणाचा हे स्टँडवाल्याला तेवढ्यावरून कळतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये लोकांच्या हाती आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी आवृत्तीतच ही सोय होती. आज लॉगिन टिकून राहतं, रेल्वेचं तिकीट काढताना निवडलेली गाडी पुढच्या पानावर लक्षात राहते, ते याच युक्तीवर.

याहून सोपा मार्ग समोर होता. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो सगळ्या साइटना दाखवायचा. मॉन्टुली यांनी तो जाणूनबुजून टाळला, कारण एकच क्रमांक सगळीकडे दिसला की माणसाचा वेबभर माग काढता येतो. म्हणून नियम ठरला की चिठ्ठी ज्या साइटने दिली, तिलाच ती परत दिसेल. कुकीला सरसकट हेरगिरीचं साधन म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. खाजगीपणाचा विचार तिच्या रचनेत पहिल्या दिवसापासून होता.

पण या नियमाला एक बगल राहिली. बातमीचं एखादं पान उघडून पाहा. मजकूर वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो, पण बाजूच्या जाहिरातीचं चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. ते चित्र आणायला ब्राउझर त्या कंपनीकडे जातो, तेव्हा तीही आपली चिठ्ठी त्याच्या हाती ठेवते, आणि चित्र कुठल्या पानासाठी हवंय हे ब्राउझर सहसा आपणहून सांगतो. थोड्या वेळाने तुम्ही मधुमेहाबद्दल वाचता, मग घरकर्जाचे दर बघता. या दोन्ही पानांवर त्याच कंपनीची जाहिरात असेल तर तीच चिठ्ठी तिच्याकडे परत जाते आणि तिच्या वहीत तुमच्या नावाविना तुमची दिवसभराची नोंद तयार होते. जाहिरात दिसायलाच हवी असंही नाही. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच असं पारदर्शक चित्र पुरतं. चिठ्ठी जिने दिली तिलाच दिसली, म्हणजे नियम कुठे मोडलाही नाही. हीच तृतीय पक्ष कुकी, आणि डबलक्लिकसारख्या कंपन्यांनी नव्वदच्या दशकातच आपला धंदा तिच्यावर उभा केला.

सामान्य वाचकांना याचा पत्ता लागला तो फेब्रुवारी १९९६ मध्ये, ‘फायनान्शियल टाइम्स’मधल्या लेखाने. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या यंत्रणेपुढच्या सुनावण्यांत कुकीचा विषय निघाला. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या गटातही खल चालू होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये त्यांनी आरएफसी २१०९ हा दस्तऐवज काढला. तृतीय पक्ष कुकी ब्राउझरने स्वीकारू नयेत, निदान मुळातल्या सेटिंगमध्ये तरी त्या बंद असाव्यात, अशी त्याची स्पष्ट भूमिका होती. वापरकर्त्याला हवं असेल तर त्याने सुरू करावं.

नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही हे मानलं नाही. मॉन्टुली यांनी पुढे आपली बाजू मांडली आहे. ही वाट बंद केली तर जाहिरात कंपन्या न दिसणारी दुसरी वाट शोधतील. कुकी निदान बघता येते, पुसता येते, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक नव्हतं. आज स्क्रीनचा आकार, फॉन्ट, फोनचं मॉडेल अशा खुणा जुळवून कुकीशिवायही ब्राउझर ओळखला जातो. तरीही मला तो निर्णय महागात पडला असंच वाटतं. मुळातलं सेटिंग बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत, त्यामुळे ते ठरवणाऱ्यानेच कोट्यवधी लोकांचा निर्णय घेऊन टाकलेला असतो.

त्याचे परिणाम लगेच दिसले. १९९९ मध्ये डबलक्लिकने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. अमेरिकेत कॅटलॉगवरून खरेदी करणाऱ्यांची नावं, पत्ते आणि खरेदीचा तपशील तिच्याकडे होता. आता निनावी नोंदवहीला नाव-पत्ता जोडला जाणार, हे कळताच ओरड झाली आणि मार्च २००० मध्ये कंपनीला तो बेत आवरता घ्यावा लागला. २००८ मध्ये डबलक्लिक गुगलच्या मालकीची झाली.

युरोपने कायद्याचा रस्ता धरला. २००२ च्या निर्देशात कुकी नाकारण्याची सोय मागितली होती. २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेणं बंधनकारक केलं. पानाच्या तळाशी उगवणारी संमतीची खिडकी तिथून आली. २०१८ मध्ये जीडीपीआर हा युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाल्यावर संमतीची व्याख्या कडक झाली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट४९ या जर्मन प्रकरणात सांगितलं की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे.

तरी खिडक्यांमधली चलाखी थांबली नाही. ‘सर्व स्वीकारा’चं ठळक बटण समोर आणि नकार दोन-तीन पानं आत, हा त्यातला नेहमीचा प्रकार. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये यावरूनच गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. फेसबुकच्या बाबतीत नियामकाने नोंदवलेली गोष्ट थक्क करणारी आहे. कुकी नाकारण्यासाठी दुसऱ्या खिडकीच्या तळाशी जे बटण दाबावं लागे, त्यावर लिहिलेलं होतं ‘कुकी स्वीकारा’.

दरम्यान ब्राउझरही हलले. ॲपलच्या सफारीने २००३ पासूनच तृतीय पक्ष कुकींवर बंधनं ठेवली होती आणि मार्च २०२० मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या कुकी अडवायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवल्या. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत त्या हटवू असं जाहीर केलं, मग मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जाहिरातदार आणि ब्रिटनचा स्पर्धा नियामक यांचेही आक्षेप होतेच. जुलै २०२४ मध्ये गुगलने तो बेत सोडला. त्यामुळे आज क्रोममध्ये, म्हणजे भारतातल्या बहुतेकांच्या फोनमध्ये, त्या मुळात चालूच असतात. फक्त इनकॉग्निटो खिडकीत त्या अडवल्या जातात.

तेव्हा हे सेटिंग ज्याचं त्यानेच बदलायला हवं. अँड्रॉइडवर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज आणि तिथे तृतीय पक्ष कुकी. त्या ब्लॉक करा. कुठे व्हिडिओ चालेना किंवा लॉगिन अडलं, तर तेवढ्या साइटला सूट देता येते. सगळ्याच कुकी मात्र बंद करू नयेत. लॉगिनच टिकणार नाही. दर आठवड्याला सगळं पुसत बसण्यात हशील नाही, प्रत्येक ठिकाणी पुन्हा पासवर्ड आणि ओटीपी द्यावा लागतो. शिवाय तुमचा नकार लक्षात ठेवायलाही साइट बहुधा एक कुकीच ठेवते, त्यामुळे पुसापुशीनंतर तीच खिडकी पुन्हा समोर येते. संमतीच्या खिडकीत मात्र ‘पर्याय’ उघडून पाहावेत. ‘कायदेशीर हित’ (म्हणजे संमती न मागता माहिती वापरण्याचा दावा) अशा नावाच्या यादीत अनेक कंपन्या आधीच चालू करून ठेवलेल्या सापडतात.

सायबर कॅफेतल्या किंवा ऑफिसातल्या सामाईक संगणकावर काम झालं की लॉगआउट न चुकता करावं. लॉगिनची कुकी ज्याच्या हाती लागली, त्याला पासवर्डची गरज उरत नाही. २०१० मध्ये फायरशीप या फायरफॉक्सच्या जोड-प्रोग्रामने उघड्या वायफायवरून दुसऱ्यांच्या अशा कुकी उचलून दाखवल्या होत्या. साइटनी सगळा व्यवहार एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, नेला, त्यामागे तोही एक धक्का होता.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकीचं नाव नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर तो वैयक्तिक डेटाच ठरतो. संमती मोकळेपणाने, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी आणि ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही, असं कायदा म्हणतो. मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं त्याने मना केलं आहे. आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचं कलम सूचनेच्या भाषेचं आहे. इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती वाचायचा पर्याय द्यावा लागेल, आणि मराठी, कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. त्यानंतर एखाद्या साइटवर मराठीचा पर्याय दिसला नाही, तर तो मागणं हा वाचकाचा हक्क असेल.