बुसानला जाताय? बार-क्लब सोडून काय काय करता येतं ते वाचून घ्या

ऑफिसला कोरियाची चौकशी करायला येणारे बरेच जण सगळं बोलून झालं की उठता उठता विचारतात, आम्ही काही पिणारे नाही, सोबत आईबाबा आहेत, पोरं आहेत, मग संध्याकाळी जेवण झाल्यावर हॉटेलच्या खोलीत टीव्ही बघत बसायचं का? हे पत्रक खास त्यांच्यासाठी. सोलबद्दल सगळीकडे भरपूर माहिती मिळते म्हणून इथे मुद्दाम बुसानचं लिहिलंय, कारण डोंगर आणि समुद्र एकाच शहरात असलं की आपल्या माणसाला तिथे लगेच करमतं हे आम्ही ग्रुप नेऊन नेऊन बघितलंय.

बुसान हे कोरियातलं दोन नंबरचं शहर, देशातलं सगळ्यात मोठं बंदर. सोलहून केटीएक्स ट्रेनने अडीच तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे कितीतरी लोक सकाळी जाऊन रात्री परत असा प्लॅन सांगतात. आमचं स्पष्ट मत आहे की तसं करू नका. निदान तीन रात्री द्या. शहर लांबट पसरलेलंय, मध्ये मध्ये डोंगर, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मेट्रोने सहज तासभर जातो, म्हणून एका दिवसात एकच बाजू पकडायची आणि तिथेच आरामात फिरायचं.

आधी एक गोष्ट माहीत असू द्या, म्हणजे पुढचं सगळं जास्त कळेल. 1950 साली कोरियन युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या फौजा खाली खाली येत गेल्या, पण बुसान त्यांच्या हाती कधीच लागलं नाही. मग युद्धाच्या काळात हीच देशाची तात्पुरती राजधानी झाली आणि अख्ख्या देशातून निर्वासित इथे येऊन थडकले, जागा मिळेल तिथे, डोंगराच्या उतारावर, पत्र्याची लाकडाची घरं बांधून राहिले. आज जी ठिकाणं बघायला आपण जातो त्यातली निम्मी त्या लोकांनी उभी केलेली आहेत.

जुनं शहर: गामचॉन, जागाल्ची, नाम्पो

गामचॉन ही अशीच डोंगरावरची वस्ती, एकावर एक घरं, निळी गुलाबी पिवळी. 2009 पासून कलाकार आणि तिथल्या रहिवाशांनी मिळून ती रंगवली, भिंतींवर चित्रं काढली, आता फोटोसाठी रांगा लागतात. मेट्रोच्या 1 नंबर लाइनवर तोसॉन्ग स्टेशनला उतरायचं, 6 नंबरच्या एक्झिटने बाहेर पडून छोटी बस घ्यायची, ती वर सोडते. चालत चढू नका, चढ खरंच उभा आहे आणि वर गेल्यावरही पायऱ्या आहेतच. आमच्या एका ग्रुपमधल्या काकू उत्साहात खालपर्यंत उतरून गेल्या आणि गुडघ्यामुळे परत वर येता येईना, शेवटी खालच्या रस्त्याने टॅक्सी करून आणावं लागलं, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या मुख्य गल्लीतच फिरा, व्ह्यू तिथूनही छान दिसतो. आणि एक कळकळीची विनंती, ही लोकांची राहती घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, दारात म्हातारी माणसं बसलेली असतात, तर खिडकीत डोकावू नका, मोठ्याने हाका मारू नका.

तिथून उतरून जागाल्ची मासळी बाजारात या. कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या मंडळींना इथून बाहेर काढणं अवघड जातं हे आधीच सांगतो. मासे विकणाऱ्या सगळ्या बायका, रबरी बूट, हातमोजे, मोठा आवाज, त्यांना तिथे जागाल्ची आजिमे म्हणतात, आजिमे म्हणजे बुसानच्या बोलीत काकू-मावशी. बाजाराची घोषणाही त्याच बोलीत आहे, ओइसो, बोइसो, साइसो, म्हणजे या, बघा, घ्या. युद्धानंतर पोट भरायला किनाऱ्यावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांपासून हा बाजार वाढला. मोठ्या इमारतीत खाली टाक्यांमधला जिवंत मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तो करून देतात, पण करून द्यायचे पैसे वेगळे आणि माशाचा भाव वेगळा, दोन्ही आधी विचारून घ्या, मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवतात, त्यात लाजायचं काही नाही. महिन्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी ही इमारत बंद असते.

रस्ता ओलांडला की नाम्पो, तिथे बिफ (बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) चौकात सिआत होत्तॉक मिळतं, तेलात तळलेली जाड पोळी, मध्ये साखर आणि वरून कात्रीने कापून आत भरलेल्या सूर्यफूल-भोपळ्याच्या बिया, गरम गरम खायची, पाक हातावर सांडतो तर जपून. पुढे गुक्जे मार्केट, आणि त्याच्याही पुढे बोसुदोंगची जुन्या पुस्तकांची गल्ली, ती पण निर्वासितांनीच सुरू केलेली, पुस्तकं कोरियन असली तरी वाचणाऱ्या माणसाला तिथे उभं राहायलाच आवडतं. जवळच टेकडीवर 120 मीटरचा बुसान टॉवर आहे, वेळ उरला तर जा, नाही गेलात तरी चालेल.

समुद्राची बाजू

हेउंदे हा सगळ्यात प्रसिद्ध बीच, साधारण दीड किलोमीटर लांब. जुलै-ऑगस्टमध्ये माणसांनी भरलेला असतो, आम्हाला विचाराल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. याच्या एका टोकाला मिपो, तिथून जुन्या रेल्वेमार्गावर आता टुरिस्ट गाड्या धावतात. मूळ लाइन 2013 मध्ये आत हलवली, मग समुद्राकाठचा तो रिकामा पट्टा 2020 पासून असा वापरात आणला. दोन प्रकार आहेत, एक बीच ट्रेन, मिपो ते सोंगजॉन्ग 4.8 किलोमीटर, सगळ्या सीट समुद्राकडे तोंड करून, आणि दुसरं स्काय कॅप्सूल, चार जणांचा छोटा रंगीत डबा, उंचावरच्या रुळांवरून मधल्या चॉन्गसापोपर्यंत अगदी सावकाश जातो, अर्धा तास लागतो. कॅप्सूलचं बुकिंग लवकर संपतं, विशेषतः सूर्यास्ताच्या वेळचं, त्यामुळे तारीख ठरली की आम्हाला लगेच कळवा. पैसे वाचवायचे असतील तर रुळांच्या बाजूने लाकडी वॉकवे आहे, तो फुकट आहे आणि खरं सांगायचं तर आम्हाला तोच जास्त आवडतो.

संध्याकाळी ग्वांगआल्ली बीच. समोर 7.4 किलोमीटरचा ग्वांगान पूल, रात्री दिव्यांनी उजळतो. दर शनिवारी रात्री इथे शेकडो ड्रोन आकाशात आकृत्या काढतात, तिकीट नाही, वाळूवर चटई टाकून बसायचं, थंडीत पहिला शो 7 ला आणि उन्हाळ्यात 8 ला असतो. वारा जास्त असला तर रद्द होतो, तेवढी तयारी ठेवा. बारमध्ये न जाता रात्र कशी घालवायची या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच, किनाऱ्यावर पोरं खेळतायत, कोणी गिटार वाजवतंय, आजी-आजोबा ट्रॅकसूट घालून झपाझप चालतायत, रात्री दहा वाजता बायका एकट्या निवांत फिरतायत.

मॅच बघायला जा, बेसबॉल कळत नसला तरी

हे दुसरं उत्तर. मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत सीझन असतो, सोमवार सोडून, मंगळवार ते शुक्रवार साडेसहाला मॅच सुरू होते. बुसानची टीम लोट्टे जायंट्स, ग्राउंड साजिक. 1984 आणि 1992 मध्ये चॅम्पियन झाले होते, तेव्हापासून गाव वाट बघतंय आणि तरीही स्टेडियम भरतं, असं प्रेम आपल्याला क्रिकेटमुळे बरोबर समजतं. प्रत्येक बॅट्समनचं वेगळं गाणं, सगळं पब्लिक उभं राहून ते म्हणतं, समोर स्टेजवर एक माणूस शिट्टी घेऊन सगळ्यांना ताल देत असतो. समोरच्या टीमच्या पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, पळायच्या तयारीतल्या रनरला रोखायला फर्स्ट बेसकडे, म्हणजे पहिल्या थांब्याकडे, बॉल टाकला की सगळं स्टेडियम एका आवाजात ओरडतं, मा! म्हणजे बुसानच्या भाषेत साधारण ‘ए!’. पोरांना हे पाच मिनिटांत जमतं. बाहेरून खाणं आत नेता येतं, काचेची बाटली आणि कॅन मात्र चालत नाहीत. घरच्या टीमच्या बाजूची, फर्स्ट बेसकडची तिकिटं घ्यायची, मजा तिकडेच आहे.

जिमजिलबांग म्हणजे काय

याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि विचारताना लोक अवघडतात, म्हणून सविस्तर. हे कोरियन लोकांचं कुटुंबासकट जायचं गरम पाण्याचं आणि शेकायचं ठिकाण. आत गेल्यावर आधी चपला-बूट लॉकरमध्ये, मग पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. आंघोळीच्या भागात कुंड असतात, तिथे कपडे अजिबात चालत नाहीत, स्विमसूटसुद्धा नाही, आणि कुंडात उतरण्याआधी बसून साबणाने नीट अंग धुवायचं हा नियम सगळे पाळतात. तिथे कोणी कोणाकडे बघत नाही, पहिली पाच मिनिटं अवघड जातात, मग विसरायला होतं. ज्यांना नकोच वाटतं त्यांनी तो भाग सोडून द्यावा, काहीच बिघडत नाही. त्यांनी दिलेला टीशर्ट-हाफपँट घालून मधल्या कॉमन हॉलमध्ये यायचं, तिथे स्त्री-पुरुष-मुलं सगळे एकत्र, वेगवेगळ्या तापमानाच्या खोल्या, मिठाची, मातीची, एक बर्फासारखी गार. टॉवेलची मेंढीच्या शिंगांसारखी टोपी करून डोक्याला घालायची पद्धत आहे. भाजलेली अंडी आणि सिखे नावाचं तांदळाचं गोड गार पेय प्यायचं, गरम लाद्यांवर आडवं व्हायचं. दिवसभर चढ-उतार करून पाय भरून आले असतील तर याच्यासारखं सुख नाही. सेंटम सिटीच्या मोठ्या मॉलमधलं स्वच्छ आणि सुटसुटीत आहे, लहान मुलांना वयाची अट असते ती बुकिंगच्या वेळी सांगू. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर गरम खोल्या टाळा.

आईबाबांना एवढं नको असेल तर ओन्चॉनजांग स्टेशनजवळ उघड्यावर, फुकट, गरम झऱ्याच्या पाण्यात नुसते पाय सोडून बसायची जागा आहे. छोटा टॉवेल सोबत ठेवा. रोज उघडं नसतं, जायच्या दिवशी आम्हाला मेसेज करा, बघून सांगतो.

देवळं

हेदोंग योंगगुंगसा हे अगदी समुद्राच्या खडकांवरचं बौद्ध मंदिर, मूळ 1376 चं, नंतर पुन्हा बांधलेलं. 108 पायऱ्या उतरून जायचं, 108 हा आकडा बघून आपले लोक हसतात कारण आपल्याकडे जपमाळेचे मणी तेवढेच. सकाळी आठच्या आत पोचलात तर लाटांचा आवाज ऐकू येतो, दहानंतर फक्त माणसांचा. दुसरं बॉमॉसा, 678 साली स्थापन झालेलं, गुमजॉन्गसान डोंगराच्या कुशीत, शांत, झाडीत. ट्रेकवाल्यांनी तिथूनच वर चढावं, सगळ्यात उंच टोक 801 मीटर, आणि वाटेत जुन्या किल्ल्याची तटबंदी लागते, कोरियातला सगळ्यात मोठा डोंगरी किल्ला. सह्याद्री पायाखाली घातलेल्यांना चढ सोपा जाईल.

भारताशी नातं असलेल्या दोन जागा

यूएनची स्मशानभूमी, मेट्रोने देयॉन स्टेशन. जगात यूएनची अशी ही एकच. सुमारे 2300 सैनिक इथे पुरलेत, आणि एक छोटा पाण्याचा पाट 17 वर्षांच्या ऑस्ट्रेलियन सैनिकाच्या नावाने आहे, तिथे पाय आपोआप थांबतात. भारताने कोरियन युद्धात लढाऊ फौज पाठवली नव्हती, डॉक्टर पाठवले होते. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची 60वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स नोव्हेंबर 1950 मध्ये याच बुसान बंदरात उतरली होती. मुलांना हे तिथे उभं राहून सांगा.

दुसरं शेजारचं गिम्हे. तिथे राणी हॉ ह्वांग-ओक हिची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या कोरियन ग्रंथात लिहिलंय की ती आयुता नावाच्या राज्यातून, वयाच्या सोळाव्या वर्षी, जहाजातून दगड घेऊन आली आणि इसवी सन 48 मध्ये राजा सुरोशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या असं बरेच लोक मानतात. दंतकथा म्हणूनच ऐका, पण समाधीजवळ ते दगड रचून ठेवलेत आणि तिथली माणसं भारतीय बघितल्यावर आपुलकीने बोलायला येतात. सासांगहून लाइट रेल्वेने जाता येतं.

शाकाहारी मंडळींसाठी, नीट वाचा

कोगी पेगो जुसेयो म्हणजे मांस न घालता द्या. पण कोगी म्हटलं की त्यांच्या डोक्यात चिकन-पोर्क-बीफ येतं, हॅम, फिशकेक, माशाचं सूप यात धरतीलच असं नाही, म्हणून आम्ही कोरियन भाषेत सगळं लिहिलेलं कार्ड देतो ते दाखवायचं. किमचीत बहुतेक वेळा खारवलेले मासे किंवा कोळंबी असते. बिबिम्बाप (भाज्या घालून कालवायचा भात) आणि किम्बाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) सांगून करून घेता येतात, देवळाजवळ मंदिराचं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. थेपले, चटण्या, इन्स्टंट उपमा न्याच. मांसाहारी लोकांनी मिलम्यॉन खाऊन बघावं, निर्वासितांना बकव्हीट मिळेना म्हणून गव्हाच्या पिठाच्या केलेल्या गार शेवया.

बाकी बारीकसारीक

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा लागतो, ऐन वेळी येऊ नका. रस्ते बघायला नेव्हर मॅप आणि भाषांतराला पापागो हे दोन ॲप इथूनच टाकून जा. दुकानातून टी-मनी कार्ड घ्या, मेट्रो-बस दोन्हीला चालतं, रिचार्जला रोख वॉन जवळ ठेवा. आपला तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर हवा. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे तिकडे सकाळी नऊ वाजता काही अडलं तर इथे पहाटेचे साडेपाच असतात, तरी फोन करा, उचलतो.