उसाच्या चिपाडातून घन आम्ल

वडे-भजी तळून काळवंडलेल्या तेलापासून बायोडिझेल करताना पहिली अडचण येते ती सुट्या मेदाम्लांची, म्हणजे तेलाच्या रेणूंपासून तुटून मोकळ्या झालेल्या आम्लांची. बायोडिझेलसाठी नेहमी वापरतात तो कॉस्टिक सोडा घातला की त्यांचा साबण होतो आणि इंधन वेगळे काढणे जिकिरीचे होते. म्हणून आधी आम्ल वापरून ही मेदाम्ले मिथेनॉल या अल्कोहोलशी जोडून घेतात. सल्फ्युरिक आम्ल त्यासाठी स्वस्त पडते, पण काम झाल्यावरही ते द्रवातच राहते. मग ते उदासीन करा, इंधन धुवा, क्षारयुक्त सांडपाण्याची सोय लावा. टाक्या गंजतात ते वेगळेच.

आम्ल घन असेल तर नुसते गाळून काढता येते आणि पुन्हा वापरता येते. 2005 मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिचिकाझू हारा यांच्या गटाने असा घन आम्लाचा उत्प्रेरक (स्वतः खर्ची न पडता प्रक्रिया घडवणारा पदार्थ) चक्क साखरेपासून तयार केला. पुढे चिपाड, भाताचा तूस, नारळाची करवंटी यांपासूनही तो बनवला गेला.

चिपाड वाळवून दळतात आणि हवा लागू न देता साधारण 400 अंश सेल्सियसला तापवतात. ते अर्धवटच जळायला हवे, सगळी मेख इथे आहे. आच फार वाढली तर कर्बाचे पापुद्रे ग्रॅफाइटसारखे जुळत जातात आणि सल्फोनिक गटांना, म्हणजे पुडीला आम्लपणा देणाऱ्या गंधकयुक्त अणुगटांना, चिकटायला जागा उरत नाही. ही काळी पूड मग तीव्र सल्फ्युरिक आम्लात 150 अंशांच्या आसपास काही तास ठेवतात, तेव्हा हे गट तिला चिकटतात. शेवटी गरम पाण्याने धूत राहायचे. धुवणात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकला आणि पांढरा साका आला नाही, की मोकळे आम्ल निघून गेले असे समजायचे.

आपल्याकडचे साखर कारखाने चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात, त्यामुळे त्याला निव्वळ कचरा म्हणता येत नाही. पण उत्प्रेरक थोडाच लागतो, तेवढे चिपाड बाजूला काढणे जड नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो टिकाऊपणा. पुडीचे सल्फोनिक गट असलेले बारीक रेणू मिथेनॉलमध्ये विरघळून निसटू शकतात. मग काम घन पुडीने केले की निसटलेल्या आम्लाने, हे कळत नाही. यासाठी प्रक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच गाळतात आणि उरलेला द्रव त्याच तापमानाला ठेवतात. त्यात प्रक्रिया जोमाने पुढे चालू राहिली, तर आम्ल सुटले आहे. पूड बनवताना सल्फ्युरिक आम्ल खर्ची पडलेलेच असते. ती मोजक्या वापरांत निकामी झाली तर तो खर्च भरून निघत नाही. म्हणून ही चाचणी न करता केलेला पुनर्वापराचा दावा मी तरी ग्राह्य धरत नाही.