खोबऱ्याचे लोणी

खोबऱ्याचे लोणी : सुके खोबरे पाण्याचा थेंबही न घालता वाटत राहिले की त्याचे तेल सुटते आणि कोरड्या किसाचा हळूहळू ओघळणारा, पांढरट, गुळगुळीत लगदा होतो. निवल्यावर तो थिजतो. हेच खोबऱ्याचे लोणी. बाजारात ते कोकोनट बटर या नावाने बाटलीत मिळते. त्याचा दुधाशी किंवा ताकाच्या घुसळणीशी काही संबंध नाही. खोबरेल तेलात नुसता स्निग्धांश उरतो. नारळाच्या दुधात पाणी असते आणि चोथा गाळून टाकलेला असतो. लोण्यात मात्र खोबरे अख्खे उतरते : तेल, चोथा, प्रथिने, अंगची गोडी, सगळे. त्यामुळे त्याची चव तेलापेक्षा भरीव असते आणि पदार्थाला दाटपणाही येतो.

कोल्हापूर हा उसाचा मुलूख, नारळाचा नव्हे. ओला नारळ घाट चढून कोकणातून येतो आणि सुके खोबरे बहुतांशी कर्नाटक-केरळातून. तरीही इथल्या स्वयंपाकघरात सुक्या खोबऱ्याइतका मान दुसऱ्या क्वचितच एखाद्या जिन्नसाला असेल. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणजे मिरची, कांदा, लसणाच्या जोडीला खोबरे हवेच. तांबड्या रश्श्याचे वाटण, मिसळीचा कट, भरली वांगी, डिंकाचे लाडू, दिवाळीच्या करंज्या यांपैकी काहीच खोबऱ्याशिवाय होत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत तर गुलालाबरोबर खोबरे उधळले जाते. (गुलाल लागलेले ते खोबरे प्रसादाचे. कितीही झटकले तरी रंग राहतो, म्हणून ते लोण्यासाठी घेऊ नये.)

बरणीत भरून ठेवायचे खोबऱ्याचे लोणी कोल्हापूरच्या घरात नवे असले, तरी त्यामागची जाण जुनी आहे. पाट्यावर भाजके खोबरे ओढताना वरवंट्याखाली ते तेलकट होऊन चकाकू लागते. खलबत्त्यात खोबऱ्याची चटणी कुटताना शेवटी शेवटी ती बत्त्याला चिकटू लागते. तिथे आपण थांबतो, कारण चटणी तेवढीच हवी असते. लोण्यासाठी तिथून पुढे जायचे, एवढाच फरक आहे. त्यामुळे ज्यांचा हात वाटणावर बसलेला आहे त्यांना ही कृती वेगळी शिकावी लागत नाही.

खोबऱ्याची निवड

निम्म्याहून अधिक यश दुकानातच ठरते. ओल्या नारळाच्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात ते सहा टक्क्यांच्या आसपास उरते आणि स्निग्धांश साठ टक्क्यांच्या वर जातो. लोणी होते ते या प्रमाणामुळे. ओल्या नारळाचा चव, म्हणजे खवलेले खोबरे, कितीही वाटला तरी त्याची चटणी होईल, लोणी होणार नाही. पाणी आणि चोथा मिळून तेलाला मोकळे होऊ देत नाहीत.

सुके खोबरे दोन रूपांत मिळते. पक्व नारळ न फोडता कित्येक महिने ठेवला की आतले पाणी आटते, खोबरे करवंटीपासून सुटते आणि हलवल्यावर आत खुळखुळते. हा गोटा. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातले तिपटूर गोटा खोबऱ्याच्या बाजारपेठेसाठी नावाजलेले आहे. नारळ फोडून उन्हात किंवा भट्टीवर वाळवला की वाटी तयार होते. भट्टीच्या वाटीला कधी धुराचा वास असतो. रश्श्यात तो लपून जातो, पण लोण्यात नुसते खोबरेच असल्याने प्रत्येक घासाला जाणवतो. लोण्यासाठी गोटा उत्तम. वाटी घ्यायची तर उन्हात वाळवलेली पाहून घ्यावी.

लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात किंवा गल्लीतल्या किराणा दुकानात खोबरे घेताना तीन गोष्टी कराव्यात. तुकडा मोडून पाहावा : कट्‌ असा आवाज होऊन तो तुटला पाहिजे. वाकला, लवचिक लागला तर आत ओल आहे. नखाने आतली बाजू दाबावी, तेलाची पुसट खूण उमटली पाहिजे. मग तुकडा चावून थोडा वेळ तोंडात ठेवावा. चांगले खोबरे चावता चावता गोड होत जाते, खवट झालेले शेवटी घशाशी खवखवते. आतल्या बाजूला हिरवट, काळपट किंवा पिवळे ठिपके असतील तर ती बुरशी. खोबऱ्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि ते भाजल्याने पुरते जात नाही. तेवढा भाग कापून बाकीचे वापरण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडलेली बरी. फार एकसारखे, खडूसारखे पांढरेफेक खोबरे दिसले तर वास घ्यावा. पांढरेपणासाठी गंधकाची धुरी दिलेल्या खोबऱ्याला उग्र वास येतो.

तयार कीस किंवा पूड, म्हणजे डेसिकेटेड कोकोनट, चालते आणि काम वाचवते. पण काही पाकिटांतली पूड तेल काढून घेतलेल्या खोबऱ्याची असते. ती तासभर फिरवली तरी भुसाच राहील. पाकिटावर शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक स्निग्धांश लिहिलेला असेल तीच घ्यावी. साखर मिसळलेली नको.

कृती

एका वेळी पाव किलोपेक्षा कमी खोबरे घेऊ नये. पात्याभोवती पुरेसा माल नसला की कीस भांड्याच्या कडांना उडून बसतो आणि पाते रिकामे फिरते. वाटीची पाठ, म्हणजे तपकिरी साल, विळीने किंवा सोलण्याने काढली तर लोणी शुभ्र होते. ठेवली तर किंचित करडे आणि जरासे कडसर. पांढऱ्या रश्श्यासाठी किंवा गोडाच्या पदार्थांसाठी साल काढावी, तिखट वाटणासाठी काढायची गरज नाही. मग खोबरे किसणीवर बारीक किसावे.

किसाला थोडी ऊब देणे ही या कृतीतली सर्वांत उपयोगी युक्ती. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसला वितळते. चैत्र-वैशाखात कोल्हापूरची दुपार पस्तिशीच्या पुढे जाते, तेव्हा काही करावे लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र सकाळचा पारा पंधराच्या आसपास असतो. तेव्हा किसातले तेल थिजलेले असते आणि मिक्सर उगाच दमतो. कीस ताटात पसरून तासभर उन्हात ठेवावा किंवा जाड तव्यावर मंद आचेवर हाताला गरम लागेपर्यंत परतावा. रंग बदलू द्यायचा नसेल तर ढवळणे थांबवू नये. मुद्दाम खरपूस लोणी हवे असेल तर बदामी होईपर्यंत भाजावे. कोल्हापुरी जिभेला हे भाजके लोणी जास्त जवळचे वाटते आणि ते वाटलेही लवकर जाते.

भांडे मिक्सरचे मधले किंवा चटणीचे, आतून पूर्ण कोरडे. झाकणाच्या रबरात अडकलेला पाण्याचा थेंबही पुसून घ्यावा. आधी थांबून थांबून फिरवावे. पहिल्या मिनिटात किसाची पूड होते. मग ती ओल्या वाळूसारखी दिसते, चिमटीत दाबली तर गोळा धरते. यानंतरचा टप्पा धीर पाहणारा असतो. सगळा माल कडेला थापला जातो, पात्याचा आवाज एकदम हलका होतो, आणि आता काही होणार नाही असे वाटते. दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने थांबून उलथन्याने किंवा चमच्याच्या दांड्याने कडा खरवडून माल पात्यावर आणावा. काही फेऱ्यांनी आवाज जड, भरल्यासारखा होतो. माल एका बाजूने वर चढून मध्ये कोसळू लागतो, आणि एका खरवडणीनंतर झाकण उघडले की कडेवरून तो आपोआप ओघळताना दिसतो. इथून दोन-तीन मिनिटे आणखी फिरवले की बोटांत चोळल्यावर रवाळपणा जवळजवळ जातो. पूर्णपणे जात नाही. दगडी ग्राइंडर असलेल्या घरांत तो आणखी कमी होतो.

एकूण काम दहा-पंधरा मिनिटांचे, पण मोटर तापू द्यायची नाही. मिक्सर मध्येच बंद पडला तर बुडाशी असलेले सुरक्षेचे बटण सुटलेले असते. यंत्र निवेपर्यंत थांबून ते दाबावे. फारच अडले तर चमचा-दोन चमचे खाण्याचे खोबरेल घालावे. लाकडी घाण्याचे असेल तर वासही छान येतो. केसांना लावायचे सुगंधी तेल चालत नाही. मीठ घालायचे तर कोरडे, बारीक कुटलेले. पाव किलो किसाचे लोणी जेमतेम एक वाटीभर होते. वजन घटत नाही, किसात असलेली हवा तेवढी निघून जाते.

गोड लोणी करताना एक चूक हमखास होते. कोल्हापुरात काकवी घरोघरी असते, म्हणून ती लोण्यात ओतावीशी वाटते. काकवीत पाणी आहे. ती पडताच वाहते लोणी क्षणात आवळून कोरडा, चरबट गोळा होते, तेल बाजूला सुटते आणि कितीही फिरवले तरी ते पूर्ववत होत नाही. मधाचेही तेच. गोडीसाठी कोरडा गूळ किसून, उन्हात वाळवून, त्याची पूड करून घालावी. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापुरी गूळ या कामाला फार चांगला, कारण त्याचा रंग फिका असतो आणि चव खोबऱ्यावर चढून बसत नाही.

साठवण

लोण्याचा शत्रू ऊन नव्हे, ओल. पाणी मिळाले की विकरे आणि बुरशी तेलातली मेदाम्ले सुटी करतात. खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते आणि ते सुटे झाले की जिभेला साबणासारखी चव लागते. तशी चव आली की बरणी टाकून द्यावी, भाजून ती सुधारत नाही. काचेची बरणी धुऊन, कडक उन्हात वाळवून, लोणी कोमट असतानाच भरावी आणि पूर्ण निवल्यावर झाकण लावावे. गरम असताना लावले तर झाकणाखाली वाफ धरते. चमचा नेहमी कोरडा. एवढे पाळले तर नुसते लोणी फडताळात चार-सहा महिने सहज टिकते. आषाढ-श्रावणात कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की मीठही पाझरते. तेव्हा मोठी बरणी सारखी उघडण्यापेक्षा लहान बरणीत आठवड्यापुरते काढून घ्यावे.

फ्रिजची गरज नाही. तिथे ते दगड होते आणि चमचा वाकतो. बाहेरही हिवाळ्यात घट्ट होते आणि दोन थर पडतात : वर तेलाची पांढरी कडक चकती, खाली कोरडा भुगा. लोणी बिघडले असे समजून अनेकजण वरचे तेल काढून घेतात, मग खालचे निरुपयोगी होते. झाकण घट्ट लावून बरणी कोमट पाण्यात ठेवावी, सगळे सैल झाले की बरणी बाहेरून पुसून मगच उघडावी आणि तळापासून ढवळावे. आचेवर थेट ठेवले तर तळचा चोथा लगेच लागतो.

लसूण, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर यांपैकी काहीही घातलेले लोणी हा वेगळा पदार्थ मानावा. कच्चा लसूण तेलात बुडून हवाबंद राहिला की त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढण्याचा धोका असतो. असे लोणी फ्रिजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवावे.

उपयोग

गरम ज्वारीच्या भाकरीवर भाजके लोणी, वर चिमूटभर चटणी आणि मीठ, हा सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत चांगला उपयोग. आमटी, अख्खा मसूर, मिसळीचा कट यांना शेवटी चमचाभर लोणी घातले की वाटणाचा भरीवपणा येतो. घाईच्या दिवशी हे मोलाचे. पण ते थेट उकळत्या रश्श्यात टाकू नये, गुठळ्या होतात. वाटीत कोमट पाण्यात फेटून मग सोडावे.

पांढऱ्या रश्श्याबाबत स्पष्ट सांगायला हवे. मटणाच्या अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचे गाळलेले दूध पडते, त्याचा रेशमी पोत लोण्याने येत नाही, कारण लोण्यात चोथा असतो. एक भाग लोणी तीन-चार भाग कोमट पाण्यात फेटून फडक्यातून गाळले तर दुधाच्या बरेच जवळ जाणारे काही मिळते आणि ओला नारळ घरात नसताना वेळ निभावते. ते घातल्यावर रस्सा मंद आचेवर, सतत ढवळत ठेवावा. खळखळून उकळला तर फुटतो.

गोडात ते खोबऱ्याची वडी, करंजीचे सारण आणि लाडू यांत उतरते. दूध-तूप न खाणाऱ्यांसाठी डिंकाचे किंवा खजुराचे लाडू वळताना तुपाऐवजी ते वापरता येते. मात्र लाडू उन्हाळ्यात सैल पडतात.

खोबऱ्याच्या लोण्याला औषध ठरवणारे दावे पुष्कळ ऐकू येतात, त्यांना भुलू नये. त्यात कोलेस्टेरॉल नसते, चोथा चांगला असतो, हे खरे. पण पंधरा ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे शंभर उष्मांक आणि आठ-नऊ ग्रॅम संपृक्त मेद असतो. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेदातून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा घ्यावी असे सांगते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ती मर्यादा बावीस ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे भाकरीला चमचाभर ठीक, बरणीतून येता-जाता खाणे नव्हे. हृदयविकार किंवा रक्तातील मेद वाढलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.